मुदतीबाहेर

अकरा वर्षं मी विट्याच्या कोर्टात
पलीकडच्या बाजूला उभी राहत आले.
पोटगीचे अर्ज, वसुलीचे अर्ज,
बायकांच्या पिशव्यांतून निघणारी
घडी पडून पडून फाटलेली रेशनकार्डं.
ह्या खेपेला विधी सेवेच्या यादीत
माझ्या नावापुढं गैरअर्जदार आला.
अधिकराव भिंगारदेवे, राहणार सध्या सेलम.

रेवणसिद्धाच्या यात्रेला गावी आला
आणि नारळ फोडायच्या आत सापडला.
सत्तावीस महिन्यांची थकबाकी,
साडेचार हजारानं
एक लाख एकवीस हजार पाचशे.

वकीलपत्रावर सही करताना बघितलं,
बोटं पिवळी.
हळद म्हणावी तर
नखाच्या मुळात हळद इतकी खोल जात नाही.
"तेजाब, मॅडम. गलाईवाल्याचं जात न्हाई ते."

"पैसे पाठवलेत का कधी?"
"दिलं की. चार महिनं चुलतभावाच्या हातनं."
"पावती?"
तो माझ्याकडं असा बघत राहिला
जणू मी त्याला त्याच्याच ताटातल्या भाकरीचं
बिल मागत होते.
"आन् बूट घेतलं तिला. दप्तर. सायकल."
मी लिहून घेतलं नाही.
सायकल पोटगीत धरत नाहीत.
"दुकान गेलं मालकाचं," तो म्हणाला,
"मूस थंड झाली की आमची चूल बी थंड."
हे लिहून घेतलं.

मग कलम काढलं.
वॉरंटानं वसूल होते ती वर्षाच्या आतली थकबाकी.
त्यामागची, अर्जच उशिरा आल्यामुळं,
मुदतीबाहेर.
मी हे सावकाश वाचून दाखवलं,
साहेबांनी मान हलवली,
समोरच्या वकिलानं फाईल उगीच चाळली,
आणि पंधरा महिने
पंख्याखालच्या कागदासारखे उडून गेले.
चोपन्न हजार उरले. वीस आज,
बाकीचे हप्त्यानं. वॉरंट रद्द.

मी जिंकले होते.
चांगला युक्तिवाद होता, अजूनही म्हणते.
माणूस आत गेला असता तर
तुरुंगातून कुणाला पैसे पोचले असते?

नळापाशी नूतन भेटली, त्याची बायको.
भांडेल असं वाटलं होतं.
"मॅडम, माझ्या मावशीची केस तुम्हीच चालवलेली.
लई चांगलं बोलला होता तुम्ही."
बाटली भरून टोपण लावलं, मग म्हणाली,
"ते पंधरा महिनं गेलं न्हवं?
त्यातच स्वरांजलीचं पुढचं दात पडलं.
चार. आन् आलं बी."

अधिकराव व्हरांड्यात थांबला होता.
"त्या पंधरा महिन्यांचं काय झालं, मॅडम?"
"बाद झाले."
"म्हंजे द्यायचंच न्हाईत?"
"कोर्ट मागणार नाही."
तो बराच वेळ पिवळं बोट
दुसऱ्या बोटानं खरवडत राहिला.
एसटीची वेळ झाली होती. गेला.

मी सांगून ठेवलं होतं, दर महिन्याला
पाठवलेल्या पैशांचा फोटो मला टाकायचा.
पुरावा असावा.
हप्ता वेगळा, चालू पोटगी वेगळी.
पहिल्या महिन्यात चालू पोटगीचे
पाच हजार दिसले.
फोन केला. पलीकडं भट्टीचा भाता घरघरत होता.
"पाचशे जादा कशाचे?"
"जुनं."
एवढंच म्हणाला.

रात्री उगीच हिशेब मांडला.
सदुसष्ट हजार पाचशे, पाचशेनं:
एकशे पस्तीस महिने.
स्वरांजली वीस वर्षांची होईल.

"फोटो जपून ठेवा," मी कळवलं.
वकिलाला तेवढंच सांगता येतं.

दुसऱ्या महिन्यात पाच हजार.
तिसऱ्या महिन्यात नुसते साडेचार.
मी विचारलं नाही.